हुबेहूब

"उजवी भुवई मधेच तुटलेली," बाई म्हणाली आणि चित्रकाराची पेन्सिल सरसर चालली.

पोलीस ठाण्यात नुसती धावपळ उडाली होती. पहाटे नवरा पाळीवर गेला आणि मागे कुणी परका घरात शिरला, बाईवर बलात्कार करून पळाला, हे ऐकल्यावर साहेब जेवायचं विसरले होते. दोन गाड्या शोधाला सुटल्या होत्या. बाहेर बाकावर नवरा "त्याला फक्त माझ्या ताब्यात द्या!" म्हणून ओरडत होता आणि हवालदार त्याला पाणी पाजत होते.

चित्रकाराला वाईट वाटत होतं, पण कामाचं समाधानही होतं. एरवी माणसं नाकापाशीच अडखळतात. नाक कसं, तर म्हणे नाकासारखं! हिला मात्र कानाची पाळी, हनुवटीवरचा व्रण, पुढचा टवका उडालेला दात, सगळं तोंडपाठ.

"एवढ्या झटापटीत इतकं लक्षात राहिलं?"

"रोज बघते ना."

पेन्सिल थांबली. चित्रकाराने कागदाकडे पाहिलं, मग दाराच्या काचेतून बाकाकडे.

"मग परका म्हणून का सांगितलंत?" त्याने हळूच विचारलं.

"मागच्या महिन्यात खरं सांगितलं होतं. दारावरच्या शिपायानेच परत पाठवलं." तिने डोळे पुसले नाहीत. "आज सगळे उठून उभे राहिले. तुम्ही पूर्ण करा, दादा. चेहरा समोर आला की त्यांना नाही म्हणता यायचं नाही."

त्यालाही ते पटलं. त्याने जीव ओतून चित्र पुरं केलं. चेहरा हुबेहूब उतरला.

साहेबांनी कागद हातात घेतला. काचेतून बाहेर पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अहो बाई, आधी नाही का सांगायचं! नवऱ्याला हे कलम लागतच नाही. लावावं की नाही, यावर कोर्टात अजून वाद चाललाय." त्यांनी फोन उचलून गाड्या माघारी बोलावल्या, डबा पुढे ओढला.

फोनचा आवाज ऐकून नवरा तिरासारखा आत आला. "सापडला का साहेब, तो हरामखोर?"

साहेब उठले. त्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवून म्हणाले, "असा कुणी नव्हताच. घरी घेऊन जा यांना."