सहाजणांचा दगड

"पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या लढाईत आपल्या गावचे सहाजण पडले. त्यांच्यातला एक होऊन आईला पत्र लिहा," मी नववीच्या मुलांना सांगितलं. शाळेमागच्या दगडावर तेवढा आकडाच कोरलाय, नावं नाहीत.

बहुतेकांनी धड्यातलंच उतरवलं. तेजलनं मात्र पानभर मोडी लिपीत लिहिलं होतं, सराईतासारखं, पेन न उचलता. शाळेत मोडी फक्त मला येते, आणि मी ती कुणालाच शिकवलेली नाही.

"बाई, मी काय लिहिलंय हे?" तिनं घाबरून विचारलं.

मी अडखळत वाचू लागले. बोटीचा प्रवास, वेढा, भूक, मारून खाल्लेले घोडे, सगळं आईला सांगितलेलं. शेवटची ओळ मात्र आईला नव्हती.

"बाई, आम्ही सातजण होतो. मला मोजायचं राहिलंय."