अंतरपाट खाली येताना

सीडीचा ट्रे अर्ध्यावर येऊन अडकला. रतिलालने बारीक भोकात टाचणी खुपसून तो ओढून काढला आणि तबकडी खिडकीच्या उजेडात धरली.

"हे लग्न मीच शूट केलं होतं. बारा वर्षं झाली. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीची सोयच नसते. माझ्या स्टुडिओतला हा जुना डबा तेवढा चालवतो, पण त्याचंही आता काही खरं नाही."

समोर बसलेली सुलक्षणा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "एकडाव चालू दे, भाऊ. माले मना नवरानं तोंड नीट देखानं शे."

तिचा नवरा बादल नऊ वर्षांपूर्वी कामासाठी सुरतेला गेला, तो परतलाच नाही, असं तिने सांगितलं. गेल्या मंगळवारी अचानक अंगणात येऊन उभा राहिला. सासूने त्याला पोटाशी धरलं. गाव म्हणालं, तोच. सुलक्षणाला मात्र खात्री पटेना. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. ताडून पाहायला घरात एकही फोटो उरला नव्हता. आत्ताही तो रस्त्यापलीकडे लिंबाखाली तिची वाट बघत उभा होता.

रतिलालला तिची कीव आली. परका माणूस नवरा म्हणून घरात वावरायचा, म्हणजे बाईने डोळा कसा मिटायचा?

त्याने तबकडी आत सरकवली. ड्राइव्ह घरघरला. पडद्यावर मांडव आला, मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट खाली आला आणि नेमका तिथेच नवरदेवाचा चेहरा चौकटी चौकटींत फुटला. पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच. वऱ्हाडातला प्रत्येक जण स्वच्छ दिसत होता, फक्त त्या एका मानेवर चेहरा ठरत नव्हता.

त्याने ड्राइव्ह उघडला, ढिला पडलेला रबरी पट्टा बदलला, भिंग मऊ कापडाने पुसलं. "आता नीट बघून घ्या. पुन्हा चालेल, असं सांगता येत नाही."

अंतरपाट खाली आला. चेहरा क्षणभर स्थिर झाला. रुंद कपाळ, डाव्या भुवईला मधोमध चीर. रतिलालने दारातून बाहेर पाहिलं. लिंबाखालच्या माणसाची भुवई तशीच चिरलेली होती.

ड्राइव्ह खरखरला आणि बंद पडला.

"तोच आहे हो!" रतिलाल हसला. "फिटला ना संशय? देवाने तुमचं कुंकू राखलं. बोलवा त्यांना आत, चहा घेऊ."

सुलक्षणाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"नका बलावू, भाऊ," ती पुटपुटली. "त्याले नऊ वरीस पहिलेच मी मना ह्या दोन्ही हातसघाई गाडेल शे."