अकरा नंबर

सगळ्यात जास्त गोलांच्या बक्षिसासाठी मॅडमनी नाव पुकारलं आणि मुलींनी खुर्च्या बडवायला सुरुवात केली. "भिंगरी! भिंगरी!"

ती उठली. गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते, पट्टा अजून होता. सावकाश चालत ती स्टेजकडे निघाली. दुपारचं ऊन वरच्या खिडक्यांतून तिरपं येऊन वाटेवर पडलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. आपण पाण्यातून चालतोय असं तिला वाटलं. टाळ्याही पाण्यातूनच ऐकू येत होत्या.

"पाच सामन्यांत नऊ गोल," मॅडम माइकवर म्हणाल्या. "सहाव्यात पडली, तीसुद्धा पास देऊनच पडली."

हॉल हसला. अठरा वर्षं मॅडम कॉलेजच्या मुलींना फुटबॉल शिकवत होत्या आणि मैदानावर त्यांच्या आवाजाने पाखरं उडायची. आज तोच आवाज मऊ लागत होता. त्यांनी चषक भिंगरीच्या हातात दिला, तिचा गाल थोपटला. ती परत येऊन आईशेजारी बसली.

आईने कारखान्यातून रजा टाकली होती आणि ठेवणीतले कपडे घातले होते. टाळ्या थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "सांगितलंस का मॅडमना?"

"सांगते."

"सकाळपासून सांगतेच आहेस."

सकाळी डॉक्टर म्हणाले होते, चालता येईल, जिने चढता येतील, सायकलही चालवता येईल. फुटबॉल मात्र आता नाही. त्यांनी ते इतक्या साध्या सुरात सांगितलं की भिंगरी मान डोलावून 'थँक यू' म्हणाली आणि खुर्ची नीट आत सरकवून बाहेर आली. ही गोष्ट मायलेकींशिवाय कोणालाच माहीत नव्हती. पुढच्या मोसमापर्यंत गुडघा ठणठणीत होईल, असंच सगळी टीम धरून चालली होती.

बाकीची बक्षिसं झाली. सगळ्यात मोठ्याने ओरडण्याचं बक्षीस गोलरक्षक मुलीला मिळालं आणि तिने ते ओरडूनच घेतलं. मग मॅडमनी चष्मा लावला, एक कागद उलगडला.

"आता पुढच्या वर्षी परत येणाऱ्या मुली. नंबर वाचते. आपापला नंबर आला की उभं राहायचं. एक."

गोलरक्षक उठली, खुर्ची पाडून.

"चार. सहा. नऊ."

भिंगरी बघत राहिली. मैत्रिणी एकेक करून तिच्या आजूबाजूला उंच होत होत्या आणि ती त्यांच्या सावलीत खाली खाली जात होती. उभं राहणं काही कठीण नव्हतं. उभं राहू नका असं डॉक्टर म्हणाले नव्हते. आता उठावं, हसावं, आणि सांगावं उद्या. आजची एक संध्याकाळ तरी अकरा नंबर आपला राहील. तिने खुर्चीचा दांडा धरला. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. आई मांडीवर हात ठेवून समोर बघत होती.

"अकरा."

सगळी डोकी वळली. कोणीतरी आधीच टाळी वाजवली.

"नाही मॅडम," भिंगरी बसल्या बसल्या म्हणाली.

आवाज बारीक होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"नाही म्हणजे?"

"डॉक्टर नाही म्हणाले. कधीच नाही, असं म्हणाले."

मॅडमनी चष्मा काढला. तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पेन त्यांच्या हातात होतं, पण त्यांनी काही खोडलं नाही. चष्मा परत लावून त्या म्हणाल्या, "चौदा."

खाणं झाल्यावर मुली तशाच चांगल्या कपड्यांत मैदानावर पळाल्या. चपला कडेला भिरकावल्या, कुणीतरी बॉल आणला. गोलरक्षकाने जाता जाता भिंगरीच्या डोक्यात टपली मारली, तेवढंच.

ती आणि आई रेघेपाशी येऊन थांबल्या. ऊन उतरलं होतं. गवतावर सगळं लांब लांब दिसत होतं. बॉलला मारलेली लाथ आधी दिसायची, आवाज मागून यायचा. मुली धावत होत्या, एकमेकींच्या अंगावर आदळत होत्या, हसत होत्या. समोरच्या कडेला मात्र सवयीने कोणी गेलंच नव्हतं.

आईने आजवर एकही सामना पाहिला नव्हता. सामने चारला असायचे आणि तिची कारखान्यातली पाळी दोनला लागायची.

"यात तू कुठे असायचीस गं?" तिने विचारलं.

भिंगरीने बोट दाखवलं. "ती पलीकडची कड दिसते? आता कोणी नाही बघ. तिथे. तिथून निघायचे ते थेट जाळीपर्यंत."

"एवढं?"

"एवढं."

"एका दमात?"

भिंगरी हसली. मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिने चषक खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आईने एका हाताने तिला जवळ ओढलं, दुसरा हात उन्हासाठी कपाळावर आडवा धरला. ती त्या मोकळ्या गवताकडे बघत होती. तिची मान हळूहळू वळत गेली, पलीकडच्या कडेवरून थेट जाळीपर्यंत. मग परत मागे आली, आणि पुन्हा वळत गेली, कुणीतरी धावतंय आणि ते नजरेतून निसटू द्यायचं नाही, तशी.