शेततळ्यातला काला

केजच्या डॉक्टरांनी आश्रुबानानांना सांगितलं होतं, गुडघ्यांना आराम हवा असेल तर रोज कमरेएवढ्या पाण्यात चालायचं. दुष्काळात गावच्या विहिरींनी तळ गाठलेला. तेवढं पाणी उरलं होतं ते फक्त इलियासच्या मोसंबीच्या बागेतल्या शेततळ्यात. "या की नाना, पाणी काय पिऊन टाकणार हाव का तुमी?" असं म्हणत त्यानं उतरायला खांबाला दोरही बांधून दिला.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सगळं गाव काल्याच्या कीर्तनाला गेलं. गुडघ्यांमुळं कीर्तनात सगळे नाचताना नानांना खुर्चीवर बसून राहावं लागायचं, म्हणून ते देवळाकडं न जाता एकटेच शेततळ्यात उतरले. चालून झाल्यावर वर चढायला दोर ओढला, तर गाठ सुटून अख्खा दोरच पाण्यात आला. उताराच्या शेवाळलेल्या प्लास्टिकवर पाय ठरेना. घसरून घसरून नाकातोंडात पाणी गेलं. "अरे, कुणी हाय का?" ते ओरडत राहिले, पण देवळाच्या भोंग्यातून मृदंग असा घुमत होता की त्यांची हाक त्यांनाच ऐकू येईना. "पांडुरंगा, आता तूच बघ रे बाबा," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं मोटार चालू करायला आलेला इलियास नानांना पाण्यात बघून चरकला. दुसरा दोर फेकत ओरडला, "नाना, धरा लवकर!"

नाना दोन्ही हात वर करून भोंग्यातल्या मृदंगाच्या तालावर पाण्यात पावली खेळत होते.

 

"थांब की बे जरा! हंडी फुटूस्तोर नाचू दे. वर आलो की पुन्हा खुर्चीच हाय."