बाप दाखव

"डोकं जरा खाली घ्या, काका," डॉक्टर म्हणाला.

वडिलांनी मान खाली घातली आणि दोन्ही कानांवरचे उरलेसुरले केस तळहाताने चापून बसवले. सकाळी त्यांनी डोक्याला तेल लावलं होतं, परीक्षेला निघाल्यासारखं. मुलगा शेजारच्या खुर्चीत बसला होता आणि भिंतीकडे बघत होता.

केस गळत होते ते खरं तर मुलाचे. वय तेवीस. चष्म्याच्या दुकानात नोकरी, चारी बाजूंना आरसे, त्यामुळे दिवसभर सुटका नाही. गेल्या आठवड्यात त्याच्याहून मोठ्या बाईने त्याला "काका, ती वरची फ्रेम दाखवा" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी तो या दवाखान्यात आला. पुढे केस लावून द्या म्हणाला. डॉक्टर म्हणाला, लावू, पण आधी वडिलांचं डोकं बघू द्या. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं आपण उगाच म्हणतो. याला खरोखरच बाप दाखवायला आणावा लागला.

डॉक्टरने निळा मार्कर उघडला. "केस कधी गेले?"

"लग्नात होते हो! फोटो आहे ना. मग हा झाला, आणि..." वडील हसले. "मी गणित शिकवायचो. पोरं मला चांदोबा म्हणायची. सर वर्गात आले की लाइट बंद करा म्हणायची!"

हा विनोद त्यांनी लग्नाकार्यात, शाळेच्या निरोप समारंभात, बँकेच्या रांगेतसुद्धा सांगितला होता. कधी वाया गेला नव्हता. डॉक्टर हसला नाही. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर रान माजलं होतं, त्याला असल्या विनोदांची गरज पडली नसावी. मुलगा तर त्याच शाळेत शिकलेला. त्याला तिथे चंद्रकोर म्हणायचे, आणि तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते.

डॉक्टरने कानाच्या वर एक रेघ ओढली, मानेच्या वर दुसरी. मग मार्करचं मागचं टोक वडिलांच्या डोक्यावर टेकवून तो मुलाला म्हणाला, "इकडे बघा. केस काढायचे ते या पट्ट्यातून. इथले सहसा जात नाहीत. पण यांचे इथलेही विरळ झालेत. ही कातडी दिसते ना? तुमचंही असंच होणार असेल, तर आज इथले काढून पुढे लावले तरी ते नंतर गळणारच. लावायला जागा भरपूर आहे हो. रोपं कुठून आणायची?"

"म्हणजे होणार नाही?"

"मी तरी करणार नाही."

मुलगा वडिलांच्या डोक्याकडे बघत राहिला. इतक्या जवळून, इतक्या उजेडात त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. तेलाने चमकणारी टाळू, तिच्यावरचे तपकिरी डाग. त्याला त्या डोक्याचा मनापासून राग आला. केसाने गळा कापला म्हणतात. इथे तर केसही नव्हते.

आपल्यामुळे पोराचं काम अडलं, एवढं वडिलांना कळलं. त्यांनी मान वर केली. "मग माझे घ्या की डॉक्टर. आहेत तेवढे सगळे घ्या. मला आता कुठे मिरवायचंय?"

"दुसऱ्याचे चालत नाहीत, काका. शरीर घेत नाही."

"अहो, पण मी बाप आहे त्याचा."

"बापाचेही नाही."

"राहू द्या, डॉक्टर," मुलगा म्हणाला. "त्यांनी मला द्यायचं ते देऊन झालंय."

या विनोदाला मात्र डॉक्टर मोठ्याने हसला. क्षणभराने वडीलही हसले. टकलावरून कुणी काही बोललं की आपणही हसायचं, म्हणजे लागत नाही, हे ते फार पूर्वी शिकले होते.

डॉक्टरने त्यांच्या हातात स्पिरिटचा कापूस दिला, रेघा पुसून घ्या म्हणाला आणि हात धुवायला आत गेला. वडील अंदाजाने टाळू पुसू लागले. टाळूवर रेघ नव्हतीच. पुसून पुसून टाळू लाल झाली.

"गेल्या का रे?"

मुलाने मोबाइलमधून मान वर केली. नीट पाहिलं. कानावरची रेघ तशीच होती, मानेवरचीही.

"गेल्या," तो म्हणाला.

बाहेरच्या खोलीत बाकांवर त्याच्याच वयाची मुलं नंबराची वाट बघत बसली होती. दार उघडताच सगळ्यांनी वर पाहिलं. त्यातला एक फिसकन हसला, मग शेजारचा, मग सगळा बाक. वडीलही त्यांच्याकडे बघून हसले. एकाला त्यांनी हातसुद्धा केला.

"बघ, कशी हसतखेळत बसलीत पोरं," ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तूही जरा हसत जा."

मुलगा हसला.