मळ्यापाशीची शिट्टी

"अजून राग धरून आहेस होय माझ्यावर?" केसरबाई माझ्या शेजारी बाकावर टेकत म्हणाली. मोठी गाडी येणार म्हणून स्टेशनातले छोट्या गाडीचे रूळ उपटत होते आणि आम्ही म्हाताऱ्या ते बघायला गेलो होतो.

राग नाही धरणार तर काय? आमचे हे त्या छोट्या गाडीचे ड्रायव्हर. केसरबाईचा मळा आला की रोज लांबलचक शिट्टी द्यायचे. पुढे दोन शेतं सोडून रुळालगतच आमचं घर. तिथून मात्र गाडी मुकाट जायची. विहिरीवर बायका मुद्दाम विचारायच्या, "आज किती वेळ वाजली गं?" हे गेले, तरी माझा जळफळाट गेला नाही.

"अगं, माझ्या म्हशी रुळावर बसायच्या!" केसरबाई हसली. "शिट्टी झाली की मी काठी घेऊन पळायचे. जळायचे तर मीच तुझ्यावर. एकदा त्यांना विचारलं, घरापुढं शिट्टी का देत नाही? तर म्हणाले, 'तिला कशाला हवी? ती आधीपासूनच दारात उभी असते माझ्यासाठी.' आमच्या मालकांनी कधी असं म्हटलं नाही, बाई."

मी दारात उभी राहायचे ती हिच्या मळ्यापाशी शिट्टी किती वेळ वाजते, ते ऐकायला. यांना ते कधी कळलं नाही. केसरबाईलाही मी सांगितलं नाही.

"हो, रोज उभी राहायचे," म्हटलं, आणि तिचा उतरलेला चेहरा डोळे भरून पाहिला.