उघडं मत

"मतदानाला थॉर्नलीचं नाव घेशील तेव्हा हळू घेऊ नकोस, इनॉस. मला तुरुंगात टाकलं, ते काय कुणी हळू आवाजात टाकलं होतं?"

वडिलांचं हे शेवटचं बोलणं. इनॉस 'हो' म्हणाला होता. म्हाताऱ्याने डोळे मिटले, आणि तेव्हापासून इनॉसला थंडी वाजत नव्हती की भूक लागत नव्हती. बायको, केझिया, पुढ्यात ठेवेल ते तो खायचा. सकाळची प्रार्थनाही नुसते ओठच म्हणायचे.

आज मार्चच्या गार वाऱ्यात तो कोर्टाच्या अंगणात रांगेत उभा होता. इंग्रजांपासून सुटलेल्या देशाच्या नव्या राज्यघटनेला होकार द्यायचा की नकार, हे ठरवायला परगण्याकडून राजधानीत, रिचमंडला कोण जाणार, त्याचं आज मतदान. ओसरीवर मधोमध शेरीफ, दोन बाजूंना खुर्च्या टाकून दोन उमेदवार. मतदाराने पायऱ्या चढून उघड नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं, तो टोपी काढून उभा राहायचा आणि आभार मानायचा.

"काय रे बुडीवाल्या!" मागून सायलस लोहाराने डिवचलं. इनॉसच्या पंथाची माणसं मोठेपणी नदीत बुडी मारून दीक्षा घेत, म्हणून हे नाव. "कर्नलसाहेबांची फुकटची रम, आणि तू तेवढा कोरडा? एरवी तर अख्खा बुडतोस!"

रांग हसली. इनॉसही हसला असावा.

ओसरीवर दोघा उमेदवारांत वाद रंगला होता. गिरणीवाला थॉर्नली म्हणत होता, "माणसाने देवाला कसं भजावं, यात सरकारने हात घालायचा नाही, एवढं आधी लिहा. मग खुशाल होकार घ्या."

"अहो, पण तो अधिकार सरकारला दिलाय कोणी?" कर्नल हॅडली हसले. "जो दिलाच नाही, तो नाही म्हणून लिहायचा कशाला? आणि दहा हक्क लिहिलेत नि अकरावा राहिला, तर तो गेलाच म्हणायचा?"

"या इनॉसच्या बापाला, लेम्युअलला, विनापरवाना प्रवचन केलं म्हणून आत टाकला होता, कर्नल."

"आणि सोडवून कोणी आणला? मीच ना?" कर्नलांनी रांगेतल्या इनॉसकडे पाहिलं. आवाज मऊ झाला. "मी बसलोय ना इथे. तुला लेखी कशाला हवंय, बाळा?"

खोटं काहीच नव्हतं त्यात. वडिलांना तुरुंगात घोंगडी पोचवली ती कर्नलांनी, शवपेटीला लाकूड दिलं तेही त्यांनीच. प्रार्थनाघर त्यांच्या जमिनीवर, त्यांच्या नुसत्या शब्दावर उभं होतं. त्याच्यामागे वडिलांची ओली कबर. निघताना केझिया दारात आडवी आली होती. "ते मनात आणतील तर उद्या उठवतील आपल्याला. मग रविवारी गुडघे कुठे टेकायचे?"

इनॉस रांगेत एक पाऊल पुढे सरकला. उत्तर मिळाल्यासारखी कर्नलांनी मान डोलावली.

"इनॉस पर्डी!" शेरीफने पुकारा केला.

इनॉसने मनातल्या मनात एकदा देवाला हाक मारली आणि तो निमूटपणे पायऱ्या चढू लागला. वर कर्नल हॅडली टोपी हातात घेऊन, आभार मानायला आधीच अर्धे उठले होते.